चुलीपर्यंतचा शिधा

मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या शिध्याच्या पिशव्या थोड्याफार फरकानं सगळीकडे सारख्याच असतात. पाच किलो कणीक, पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, किलोभर साखर, लिटरभर तेल, मिठाचा पुडा, चहापावडर, हळद-तिखटाच्या लहान पुड्या आणि एखादी साबणाची वडी. २०२०च्या उन्हाळ्यात करोनाच्या टाळेबंदीनं रोजगार थांबले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधून आणि चाळींमधून अशा पिशव्या घरोघर गेल्या. देणाऱ्यांत गणेश मंडळं होती, गुरुद्वारे होते, कारखान्यांतले कामगार होते, स्वतःचा पगार अर्ध्यावर आलेले शिक्षकही होते. त्या सगळ्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती मनात ठेवूनच मी हे लिहिते आहे.

आम्ही पुण्याजवळ थेरगावात दोन खोल्यांत राहतो. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. मी तेव्हा एका बालवाडीत शिकवत होते. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरात येणारे दोन्ही पगार एकदमच थांबले. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला पावसाळ्यापर्यंत थोडंफार काम मिळू लागलं. शाळेच्या व्हॅनला ते मिळणं शक्यच नव्हतं. राज्यातल्या शाळा टप्प्याटप्प्यानं उघडत गेल्या, त्यात २०२१चा ऑक्टोबर उजाडला, आणि शहरातल्या लहान मुलांचे वर्ग तर त्याच्याही नंतर भरले. आमचं रेशनकार्ड केशरी. शहरात वर्षाला ५९ हजार रुपयांच्या वर उत्पन्न असलेलं घर प्राधान्य कुटुंबांत बसत नाही, त्यामुळे एप्रिलपासून सुरू झालेलं माणशी पाच किलो मोफत धान्य आम्हाला नव्हतं. मे आणि जूनसाठी सरकारनं केशरी कार्डावर गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं दिला, तो आम्ही आणला. त्यापुढे आमच्या घरात जे शिजलं, ते बरंचसं लोकांनी दिलेल्या पिशव्यांतून शिजलं. खाणारी तोंडं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई.

त्या दिवसांच्या ओढाताणीबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्या स्वयंपाकाबद्दल लिहायचं आहे. दाराशी आलेली पिशवी आणि मुलांपुढे वाढलेलं ताट यांच्यामध्ये फार मोठं काम असतं, आणि ते काम कुठल्याही वाटपाच्या यादीत धरलेलं नसतं. ते काम नीट पाहिलं, तर द्यावं कसं हेही कळतं, असं माझं मत झालं आहे.

पिशवी आली की पहिलं काम म्हणजे हिशेब. देणारा किलोंत मोजतो; घरात मोजायच्या असतात त्या जेवणाच्या वेळा. किलोभर डाळ पाच माणसांच्या घरात तीस दिवस पुरवायची, तर दिवसाला तेहतीस ग्रॅम डाळ येते. म्हणजे एक मूठ, आणि तीही माझ्या हाताची. लिटरभर तेल महिनाभर पुरवायचं, तर दिवसाला दोन मोठे चमचे. त्यातच सकाळची फोडणी, संध्याकाळची फोडणी आणि तव्यावरचं सगळं. पाच किलो कणकेच्या दीडशे-पावणेदोनशे पोळ्या होतात. माणशी दिवसाला चार धरल्या, तर आठ-नऊ दिवसांत डबा रिकामा. तांदूळ त्याहून थोडा जास्त पुरतो, कारण तो पाण्यानं फुगतो आणि पेजेच्या रूपानं आणखीही फुगवता येतो.

काय आधी संपतं, हे ज्याच्या त्याच्या घरी बघण्यासारखं असतं. आमच्याकडे तेल सर्वांत आधी संपायचं, त्यामागून तिखट. साखर आणि मीठ कायम उरायचं. कांदा, लसूण, जिरं, मोहरी, चिंच, गूळ यातलं काहीच पिशवीत नसायचं, आणि खरा स्वयंपाक सुरू होतो तो तिथून. धान्यानं पोट भरतं. पण मुलांनी दुसरी पोळी मागून घ्यावी, ही गोष्ट त्या न आलेल्या चिमूटभर वस्तूंवर अवलंबून असते. हातात थोडे पैसे आले की मी भाजीच्या आधी लसूण आणि जिरं आणायची. भाजीची एक जुडी एका वेळेला संपते. पन्नास रुपयांचं जिरं महिनाभर प्रत्येक भांड्यात बोलतं.

सासूबाई मूळच्या बीडकडच्या. पहिली पिशवी आली तेव्हा मी सगळ्या वस्तू ओट्यावर मांडल्या आणि भाजीविना हे दिवस कसे काढायचे, या विचारात उभी राहिले. त्यांनी एकेक पुडी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "आगं, डाळ हाय, पीठ हाय, मंग काय न्हाई? आज वरणफळं कर." मराठवाड्यात ज्यांना वरणफळं म्हणतात, त्यांना सोलापूर-कोल्हापूरकडे चकोल्या म्हणतात. त्या दिवसांत आमच्या घरी हा पदार्थ जितका झाला तितका दुसरा कुठलाच झाला नसेल, म्हणून तो नीट सांगते.

मूठ-दीड मूठ तूरडाळ तासभर भिजवून कुकरला लावायची. भिजलेल्या डाळीला शिट्ट्या कमी लागतात; एक-दोन झाल्या की गॅस बंद करायचा आणि वाफ आपोआप जिरू द्यायची, त्या कोंडलेल्या वाफेतच डाळ उरलेली शिजते. मग ती रवीनं अशी घोटायची की एक दाणा अख्खा दिसता कामा नये. अख्खा दाणा तळाला बसतो आणि वरचं पाणी पाणीच राहतं. घोटलेली डाळ पाण्याला धरून ठेवते. तेवढ्याशा डाळीत पाच माणसांचं पाणी घालायचं असेल, तर हाच एक उपाय. फोडणीला तेल एक चमचा, पण ते कडकडीत तापलेलं हवं. मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, जिरं, हळद, आणि भांडं खाली उतरवल्यावर तिखट, म्हणजे ते जळत नाही आणि थोडक्या तेलातही रंग सोडतं. त्यावर घोटलेली डाळ, भरपूर पाणी, मीठ, असेल तर चिंचेचं बोटूक आणि गुळाचा खडा. गूळ नसला की पिशवीतली साखर, अगदी चिमूटभर.

दुसरीकडे कणकेत हळद, तिखट, मीठ आणि ओवा घालून ती घट्ट भिजवायची. तिची जाडसर पोळी लाटून सुरीनं चौकोनी तुकडे पाडायचे. वरणाला खळखळून उकळी आली की ते तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम ओतले तर त्यांचा गोळा होतो. थोड्या वेळानं प्रत्येक तुकडा पाण्याखालून वर येतो, वरण दाट होत जातं, आणि कणकेतला ओवा घरभर सुटतो. पोळ्या भाजायला जितका गॅस लागला असता, त्याच्या निम्म्याहून कमी गॅसवर पाच माणसांचं पोटभर, ऊन-ऊन जेवण तयार. भाजी लागत नाही, वेगळी आमटी लागत नाही, तोंडी लावायला काही नसलं तरी चालतं. मुलं त्यातले तुकडे आधी वेचून खायची आणि मग ताटली तोंडाला लावून वरण प्यायची.

आहारशास्त्र सांगतं की धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यांत बऱ्यापैकी असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरणभात, खिचडी, वरणफळं, पिठलं-भाकरी, विदर्भातला गोळाभात, तांदूळ आणि डाळ वाटून केलेली धिरडी, हे सगळे पदार्थ याच जोडीवर उभे आहेत. ज्या घरांत दूध, अंडी, मांस-मासळी रोज परवडत नव्हती, त्या घरांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जोडी लावून दिली आणि लेकरं वाढवली. गरिबीतल्या स्वयंपाकाला आपण तडजोड समजतो. माझ्या मते ती आपल्याकडची सर्वांत कसलेली पाकविद्या आहे, कारण चुकून वाया घालवायला तिच्याजवळ काहीच नसतं.

सासूबाईंकडे ही विद्या कुठून आली, ते मला त्याच दिवसांत कळलं. १९७२च्या दुष्काळात त्या नव्यानं सासरी आल्या होत्या. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं वर्ष रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात गेलं. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं राबत होती. त्यांतल्या त्या एक. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची. तिला सगळे मिलो म्हणत. त्या पिठाला विरी नसायची. भाकरी थापायला घ्यावी तर हाताखालीच फुटायची, परातीतून उचलावी तर तुकडे व्हायचे. मग बायकांनी उकळतं पाणी घालून पीठ मळायला सुरुवात केली, मिळालं तर त्यात मूठभर दुसरं पीठ कालवलं, आणि तेही नसेल तेव्हा भाकरीचा नाद सोडून त्याच पिठाची ताकातली किंवा नुसत्या पाण्यातली आंबील केली. "रंग बघूनच पोरं तोंड फिरवायची," त्या सांगत होत्या. "मंग लसणाची चटणी वाटायची. चटणीसाठी खायची." ती ज्वारी विकतची होती, दानाची नव्हे, पण निवडीला जागा तिथंही नव्हती. जे आलं आहे त्याला आपल्या घराच्या जिभेवर आणायचं, हे काम तेव्हाही बाईच्याच वाट्याला आलं होतं.

त्याच दुष्काळात कामावरच्या माणसांना सुकडी वाटली जायची. पोषणासाठी तयार केलेला गोडसर कोरडा खाऊ. उपासमारीत तिनं पुष्कळांना तगवलं, हे सासूबाई आजही मानतात. पण रोज तेच गोड कोरडं खाऊन जीव विटायचा, हेही त्या सांगतात, आणि उपकाराच्या गोष्टीबद्दल असं बोलताना त्यांना थोडं अवघडल्यासारखं होतं. हे अवघडलेपण मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे अंगणवाड्यांतून गरोदर बायकांना आणि लहान मुलांना तयार मिश्रणाची पाकिटं दिली जाऊ लागली, तेव्हा कित्येक घरांत ती जनावरांपुढे गेली. पाकिटावर प्रथिनांचे आणि उष्मांकांचे आकडे छापलेले होते, पण मूल ते खात नव्हतं. टाळेबंदीत अंगणवाडीतलं गरम जेवण बंद पडलं आणि त्याऐवजी कोरडा शिधा घरी येऊ लागला. त्यात गहू, डाळ आणि कडधान्याबरोबर हळद, तिखट, मीठही होतं. तो शिधा घराघरांत शिजला. तिखट-मिठाची आठवण ज्यानं ठेवली, त्यानं चुलीपर्यंतचा विचार केला होता.

गव्हाचंही तसंच. मदतीत गहू मिळाला की वजन मोठं दिसतं. पण गहू म्हणजे अजून पोळी नव्हे. तो निवडायचा, पाखडायचा, त्याला ऊन द्यायचं, गिरणीत न्यायचा, दळणाचे पैसे द्यायचे. टाळेबंदीत आमच्या भागातली गिरणी दिवसातून थोडाच वेळ उघडी असायची आणि बाहेर डब्यांची रांग लागायची. नवरा सकाळीच डबा नेऊन रांगेत लावायचा. ज्या घरात दळणापुरते पैसे नव्हते, तिथं गहू कोपऱ्यात पडून होता आणि माणसं भात खात होती. अशा वेळी सासूबाईंनी शेजारच्या एका मुलीला गहू भिजवून, भरडसर कुटून, त्याची खीर आणि तिखट खिचडी करायला शिकवली.

तूरडाळ संपली की पिठल्याची पाळी. किराणावाला उधारीवर पाव-पाव किलो बेसन द्यायचा. दोन चमचे बेसन, लसूण, तिखट, भरपूर पाणी, आणि सतत ढवळणारा हात. आमटी पातळ झाली की तिला पीठ लावायचं, म्हणजे तिची आमटी म्हणून लाज राहते. हरभरे मिळाले की रात्री भिजवायचे. सकाळी ते दुप्पट झालेले असतात. फडक्यात बांधून मोड आणले की कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्वही त्यात तयार होतं. उसळीसाठी शिजवलेल्या हरभऱ्यांचं पाणी फेकायचं नाही, तो कट. पुरणपोळीच्या दिवशी आपण कटाची आमटी हौसेनं करतो, तीच आमटी इथं संध्याकाळच्या भाताला. उरलेली कणीक थोडक्या तेलावर खमंग भाजून, फोडणी देऊन, पाण्याचा हबका मारत उकडपेंडी. शिळ्या पोळीचा कुस्करा. शिळा भात असेल तर फोडणीचा भात, आणि तोच वाटून, त्यात कणीक आणि तिखट-मीठ घालून तव्यावरचं थालीपीठ. काही पिशव्यांत आलेल्या सोयाबीनच्या वड्यांना मुलं हात लावत नव्हती. त्या उकळून, घट्ट पिळून, पाट्यावर रगडल्या आणि लसूण-तिखटात परतल्या, तेव्हा त्या खिमा म्हणून खपल्या. शंभर ग्रॅम सोयावड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पिशवीतली सर्वांत पौष्टिक वस्तू ती होती, आणि सर्वांत जास्त घरांत न शिजलेली वस्तूही तीच. ती कशी करायची हे सांगणारा कागद पिशवीत असता, तर किती घरांना उपयोग झाला असता.

पिशव्या एकसारख्या असतात, घरं मात्र नसतात. आमच्या शेजारी ओडिशातलं एक कुटुंब राहायचं. नवरा भोसरीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर. रेशनकार्ड गावाकडे. त्यांच्या दोन्ही वेळा भाताच्या. उरलेला भात रात्री पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी मीठ, मिरची, कांद्याबरोबर खायचा, त्याला ते पखाळ म्हणतात. त्यांनाही पिशवीत पाच किलो कणीक आली. त्या बाईंना पोळ्या येत होत्या, पण तेवढ्या कणकेचं त्यांच्या घरात काय होणार? त्यांनी आमचं दार वाजवलं. आमचा तांदूळ त्यांच्याकडे गेला, त्यांची कणीक आमच्याकडे आली. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं कार्ड प्राधान्यातलं. जुलैपासून त्यांना रेशनवर दर महिन्याला किलोभर अख्खा हरभरा मोफत मिळू लागला. त्या आणि काका दोघंच, दातांनी दोघंही थकलेली. हरभरा आमच्याकडे आला, तूरडाळ त्यांच्याकडे गेली. हळूहळू आमचा जिनाच बाजार झाला. कुणाची साखर, कुणाचं तिखट, कुणाची चहापावडर. पैसा कुणाकडेच नव्हता, तरी देवघेव जोरात चालू होती.

या अदलाबदलीनं मला एक गोष्ट शिकवली. माणसाला भूक भागवायची असते तशी निवडही करायची असते. आज काय करू, हा प्रश्न स्वयंपाकघरातला रोजचा कंटाळवाणा प्रश्न म्हणून ओळखला जातो. पण ज्या घरात तो विचारायची सोयच उरत नाही, तिथं बाईचं घरावरचं राज्य गेलेलं असतं. जिन्यातल्या त्या बाजारानं आम्हाला तो प्रश्न परत मिळवून दिला. कणकेच्या बदल्यात तांदूळ मिळाला त्या दिवशी त्या ओडिया बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो तांदूळ फुकट मिळाल्याचा नव्हता. तो आपल्या मनासारखं रांधता येईल याचा होता.

पुढे आमच्या भागातल्या एका मंडळानं पिशव्या देणं थांबवून किराणा दुकानाच्या चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. ठरलेल्या रकमेची चिठ्ठी. तिच्यावर घरातल्या बाईनं लागेल ते घ्यायचं. पैसा तेवढाच, पण त्यातून काय काय आलं! कुणी लहान बाळासाठी नाचणीचं पीठ घेतलं, कुणी मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी साखर सोडून ज्वारी घेतली, कुणी गोडा मसाला घेतला. मी तेल, शेंगदाणे आणि कांदे घेतले. दुकानदाराची विक्री वाढली आणि मंडळाच्या पोरांची पिशव्या भरण्याची मेहनत वाचली. चिठ्ठी हातात असताना दुकानात उभं राहण्याची माझी तऱ्हाही वेगळी होती. मी भाव विचारत होते, तांदूळ हातात घेऊन बघत होते, दुसरा दाखवा म्हणत होते.

याच्या उलट अनुभवही आला, आणि तो टाळून लिहिणं मला योग्य वाटत नाही. एका वाटपाच्या ठिकाणी प्रत्येक बाईनं पिशवी हातात धरून फोटोसाठी थांबायचं होतं. माझ्याबरोबर माझी मुलगी होती, सातवीतली. ती माझ्या मागं सरकली आणि फोटो होईपर्यंत तिथंच राहिली. देणाऱ्यांना हिशेब दाखवावा लागतो, हे मला मान्य आहे. तो पावतीनं दाखवता येतो, सहीनं दाखवता येतो. पाच किलो कणकेसाठी एका मुलीला आईच्या पाठीआड जावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी कुणाहीपुढे ठामपणे मांडायला तयार आहे.

घेणाऱ्याला काय हवं हे विचारणं जसं राहून जातं, तसं दिलेल्या वस्तूबद्दल सांगणंही राहून जातं. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळून येऊ लागले. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून ते दाणे यंत्रावर पाडतात आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. रक्तक्षय कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. वरच्या काकू सूप घेऊन दारात बसायच्या आणि ते दाणे एकेक करून बाजूला काढायच्या. जरा पिवळट, जरा बोजड दिसणारे, पाण्यात घातले की वर तरंगणारे. प्लॅस्टिकचा तांदूळ, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी म्हणून सरकारनं ही सोय केली, तीच बाई ते लोह निवडून कचऱ्यात टाकत होती. तिच्या निवडण्यात चूक काहीच नव्हती. धान्यात वेगळा दाणा दिसला की तो काढायचा, हेच तिला आयुष्यभर शिकवलं गेलं होतं. दोन वाक्यांत कुणी समजावून सांगितलं असतं, तर पुरलं असतं. भात वेळून पाणी ओतून दिलं तर त्यातला काही गुण पाण्याबरोबर जातो, हे तिसरं वाक्य.

आपल्याकडे शिधा देण्याची जुनी रीत आहे. सणावाराला, श्राद्धपक्षाला, यात्रेच्या वाटेवर शिधा दिला जाई. ताटात तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, मीठ, हळद, तिखट, एखादी ताजी भाजी, आणि वर दक्षिणा. घेणाऱ्यानं आपल्या सोवळ्यानं, आपल्या पद्धतीनं रांधून खावं, म्हणून सगळं कोरडं आणि सगळं पूर्ण. त्या ताटात मीठ विसरलं तर तो देणाऱ्याच्या घरचा दोष मानत. पण याच गावांत दुसरंही एक देणं होतं. दिवसभर गावकीची कामं करून संध्याकाळी दारोदार भाकरी मागायला येणाऱ्या माणसाला जे मिळायचं ते शिळं, उरलेलं, कालचं. ज्याला मान होता त्याला मीठ-दक्षिणेसकट शिधा. ज्याला भूक होती त्याला उरलंसुरलं. हा भेद आपल्या देण्याच्या सवयीत खोलवर मुरलेला आहे. आजही मदतीच्या धान्यात जुनी डाळ, किडका तांदूळ, मुदत संपत आलेली पाकिटं येतात आणि वर "घ्या, एवढं तरी मिळतंय" असा सूर येतो, तेव्हा त्याच जुन्या संध्याकाळच्या भाकरीची वाट आपण चालत असतो.

जुलै २०२१मध्ये चिपळूण आणि महाडला पूर आला. आमचे दिवस तेव्हाही फारसे पालटले नव्हते, पण मंडळाच्या पोरांनी मदतीची गाडी भरायला घेतली आणि काय भरावं ते मला येऊन विचारलं. आता विचारण्याची सवय त्यांना लागली होती. ज्या घरात गुडघाभर चिखल आहे, तिथं पहिल्या दिवशी कणकेची पिशवी काय कामाची? शेगडी वाहून गेलेली, आगपेटी भिजलेली, परात कुठं आहे ते माहीत नाही. म्हणून आधी पिण्याचं पाणी, चिवडा, बिस्किटं, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, मेणबत्त्या आणि काडेपेट्या. नंतरच्या गाडीत पातेली, उलथनी, पळ्या, ताटल्या. आणि त्यानंतर धान्य, तेही कोकणाच्या जेवणाचं: तांदूळ जास्त, कणीक कमी, कुळथाचं पीठ, आमसुलं, खोबरं, सुक्या मिरच्या, लसूण. ही यादी करायला मला फार डोकं लढवावं लागलं नाही. घेणाऱ्या बाजूला उभं राहिल्यावर काय दिसतं, एवढंच मी त्यात लिहिलं.

आता शाळा सुरू आहेत, व्हॅन चालते आहे, आणि आमच्या घरात तेलाची पिशवी फोडताना महिन्याची तारीख बघावी लागत नाही. तरी प्रसंग येतच राहतील. कुठं पूर, कुठं दुष्काळ, कुठं बंद पडलेला कारखाना. तेव्हा पिशव्या भरल्या जातील, आणि भरल्या जायलाच हव्यात. माझं मागणं भरणाऱ्या हातांकडे आहे. ज्या घरी ही पिशवी जाणार, तिथं कोण खातं, काय खातं, कशावर शिजवतं, हे आधी विचारा. शक्य असेल तिथं वस्तूऐवजी चिठ्ठी द्या. वस्तूच द्यायच्या असतील, तर तांदूळ एक किलो कमी करा, पण तेल, तिखट, जिरं, लसूण-कांदा आणि गुळाचा खडा घाला. गव्हाऐवजी पीठ द्या, नाहीतर दळणाचे पैसे द्या. अनोळखी वस्तू असेल तर ती कशी शिजवायची ते दोन ओळींत लिहून द्या. आणि फोटो काढू नका. सणाच्या दिवशी मानाच्या माणसाला शिधा देताना आपण जितकं नीट ताट भरतो, तितकंच नीट ते भुकेल्या घरासाठी भरायला हवं. रांधायची विद्या त्या घरात आधीपासून आहे. देणाऱ्यानं फक्त तिच्या हातात पुरेसं सामान ठेवायचं आहे.